आत्या माहेरी येत आहेत: साताऱ्यात तीन पिढ्यांनी मिळून काय पाहावे?

माचीपेठ:

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत माझ्या आत्या इंदूरहून साताऱ्याला येत आहेत. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. सोबत आतेभाऊ, वहिनी, बंगळुरूला नोकरी करणारी पुतणी आणि महाविद्यालयात शिकणारा पुतण्या असेल. आत्यांचे माहेर यादोगोपाळ पेठेतले असले, तरी माझे आजी-आजोबा गेल्यानंतर त्यांचे येणे लग्नकार्यापुरतेच राहिले आणि कार्यालयातून थेट स्टँडवर अशाच त्या भेटी झाल्या. मुलांनी तर सातारा पाहिलेलाच नाही.

पुतण्याने फोनवर स्थळांची यादी पाठवली आहे. तीत प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी, कास, ठोसेघर, वाई, सज्जनगड आणि अजिंक्यतारा हे सर्व आहे. आत्यांना विचारले, तेव्हा त्यांनी समर्थ मंदिर, मंगळवार तळे, कन्याशाळा आणि माहुली ही नावे सांगितली. दोन्ही याद्यांत एकही नाव सारखे नाही.

आत्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. पायऱ्या चढणे त्यांना जड जाते, परंतु ते त्या कबूल करणार नाहीत. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच" असे म्हणून त्या पहिल्या पायरीवर बसून राहतील, हे मला आत्ताच दिसते आहे. सगळ्यांनी एकत्र फिरावे अशी आमची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

गडवाट:

सर्वांत आधी अजिंक्यतारा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपण माची पेठेत राहता म्हणजे किल्ला आपल्या डोक्यावरच आहे. गाडी दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते, त्यामुळे आत्यांनाही वर नेता येईल. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला हा किल्ला १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे औरंगजेबाने करंज्याला स्वतः तळ ठोकून डिसेंबर १६९९ मध्ये त्याला वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिल १७०० पर्यंत लढवला. तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी एक असा उडाला, की चढाईच्या तयारीत उभे असलेले मोगल सैनिकच दगडांखाली गाडले गेले. मुलांना बुरुजावर उभे करून "तो समोर करंजे भाग दिसतो, तिथे बादशहाची छावणी होती" असे बोट दाखवून सांगा. पुस्तकातला वेढा आणि डोळ्यांना दिसणारे अंतर यांची सांगड तिथे जशी बसते, तशी संग्रहालयात बसत नाही.

सकाळी लवकर जावे. हवा स्वच्छ असली तर चंदन-वंदन, कल्याणगड, जरंडा आणि सज्जनगड हे सगळे एका फेरीत ओळखता येतात.

पसरणी:

पुतण्याच्या यादीतून महाबळेश्वर आणि पाचगणी आधी काढून टाका. नाताळच्या आठवड्यात वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि ज्यांना तासन्‌तास मांडी न हलवता बसवत नाही, त्यांच्यासाठी तो प्रवास म्हणजे शिक्षा आहे. मेढा-केळघरमार्गे गेल्यास गर्दी काहीशी टळते. परंतु वर पोहोचल्यावर तीच माणसे, तीच घोडी आणि तेच मक्याचे कणीस असते.

कासचेही तसेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास पठाराचा समावेश झाला आणि तेव्हापासून बाहेरगावचे लोक ते नाव बाराही महिने घेतात. फुलांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा असतो. डिसेंबरात तिथे वाळलेले गवत आणि उघडा जांभा दिसेल. ठोसेघरच्या धबधब्याचेही पाणी तोवर ओसरलेले असते. मुलांना फुलेच पाहायची असतील, तर त्यांनी पुन्हा सप्टेंबरात यावे.

मिरज जंक्शन:

आम्ही सांगलीकडचे असलो तरी माझे आजोळ साताऱ्याचे आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. शिवाजी महाराजांची राजधानी असलेल्या या शहरात मुलांना सर्वप्रथम बसस्थानकाजवळचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय दाखवावे. तिथे लंडनहून आलेली वाघनखे आहेत.

नोंदवही:

दोन दुरुस्त्या नम्रपणे सुचवतो, कारण मुले हेच पुढे चार ठिकाणी सांगतील. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला आणि राजधानी तीच होती. साताऱ्याचा किल्ला त्यांच्या ताब्यात होता आणि आजारपणात त्यांचा तिथे मुक्कामही झाला. परंतु सातारा ही गादी झाली ती शाहू महाराजांमुळे. मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यानंतर १२ जानेवारी १७०८ रोजी त्यांनी साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसवले. आज आपण ज्या पेठांमध्ये राहतो, त्या त्या शहराच्या पेठा आहेत. राजगड, रायगड, जिंजी आणि सातारा असा राजधानीचा प्रवास मुलांना सांगितला, तर गोंधळ होणार नाही.

वाघनखे १९ जुलै २०२४ पासून काही महिने साताऱ्याच्या संग्रहालयात होती. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ती ठरावीक मुदतीसाठी आली होती आणि साताऱ्यानंतर नागपूरला गेली. संग्रहालय त्यांच्याशिवायही पाहण्यासारखे आहे. फक्त साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

खालचा रस्ता:

मला या चर्चेतली एक गोष्ट खटकते. आपण सगळे मिळून आत्यांना सातारा "दाखवायला" निघालो आहोत. ज्या बाईंचे बालपण यादोगोपाळ पेठेत गेले, त्यांना आपण काय दाखवणार? या सहलीत वाटाड्या त्याच आहेत आणि एक दिवस तरी कार्यक्रमाची सूत्रे त्यांच्या हाती असावीत.

साताऱ्याची रचनाही याला अनुकूल आहे. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाणारा वरचा रस्ता आणि खालचा रस्ता, या दोन रस्त्यांच्या आधाराने जुने शहर वसले आहे. किल्ल्याच्या बाजूच्या पेठा चढावर आहेत. राजवाडा, मोती चौक, मंगळवार तळे आणि अदालत वाडा हा सगळा भाग रिक्षाने थोडे आणि पायी थोडे असा आरामात होतो. आत्यांना दोन चौकांनंतर बसावेसे वाटले, तर ओळखीचे दुकान सापडेलच.

राजवाडा पाहताना मुलांना दोन काळ एकाच इमारतीत दाखवता येतात. हा वाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला आहे. इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि तिथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे तिथे खटपट करत राहिले. दरम्यान १८४८ मध्ये, दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा संस्थान खालसा केले. या धोरणाखाली गेलेले ते पहिले संस्थान. याच परिसरातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी सुभेदारांच्या मुलाचे नाव घातले गेले. प्रतापसिंह हायस्कूलच्या दाखल नोंदवहीत "भिवा रामजी आंबेडकर" ही नोंद १९१४ क्रमांकावर आहे आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. ज्या राजघराण्याची गादी इंग्रजांच्या एका धोरणाने गेली, त्याच्या वाड्यात भावी घटनाकाराने मुळाक्षरांनंतरचे शिक्षण घेतले, हे इंदूर-बंगळुरूच्या मुलांना नक्की आवडेल. शाळा चालू असते, त्यामुळे परवानगी घेऊनच आत जावे.

आतेबहीण:

मी तुमच्या आत्यांच्या मुलीच्या जागी उभी राहून लिहिते आहे, कारण आमच्या आईला घेऊन आम्ही असेच एका ऐतिहासिक गावी नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथल्या मंडळींनी फार प्रेमाने नियोजन केले होते आणि त्या नियोजनात "आई घरी आराम करतील" हे वाक्य रोज सकाळी होते. कुणाचेच काही चुकले नव्हते. परंतु तिसऱ्या दिवशी आईने पिशवी भरायला घेतली. म्हातारी माणसे पायऱ्यांनी दमत नाहीत इतकी मागे ठेवल्याने दमतात. तेव्हा गट पाडायचे असतील, तर निदान त्यांना कुणाच्या तरी सोबत आणि कुठल्या तरी कामाला बाहेर पडू द्या.

माचीपेठ:

आतेबहीण यांचे म्हणणे मनाला लागले. आत्या घरी आणि बाकीचे बाहेर असा दिवस ठेवायचा नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. सज्जनगडाचे काय करावे? आत्यांच्या यादीत ते नाव नव्हते, परंतु मी विषय काढताच त्यांचा चेहरा खुलला आणि "पायऱ्या आता किती झाल्या आहेत?" असे त्यांनीच विचारले.

बोगद्यापलीकडे:

पायऱ्या आहेत तेवढ्याच आहेत, आपण वाढलो. गाडीतळापासून वर चढावेच लागते. दोन्ही महाद्वारांपाशी टेकायला जागा आहे आणि सकाळच्या सावलीत, मधून मधून थांबत, अनेक वृद्ध माणसे चढतात. डॉक्टरांना विचारून ठरवा. समर्थांची समाधी, वरचे राममंदिर, टोकावरचे अंगलाईचे मंदिर आणि खाली पसरलेले उरमोडी धरणाचे पाणी एवढे पाहण्यात सकाळ जाते आणि दुपारी महाप्रसाद घेऊन उतरता येते. समर्थांनी १६८२ मध्ये येथेच देह ठेवला.

आत्यांना चढणे जमणार नाही असे दिसले, तर गडाच्या पायथ्याशी परळी गावात जुने हेमाडपंती शिवमंदिर आहे. एकाने त्यांच्यासोबत तिथे थांबावे. ते मंदिर गडावर जाणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले नसते, त्यामुळे खाली राहणाऱ्याकडेही सांगण्यासारखे काही उरते.

आतेसासू:

महाप्रसादाचा उल्लेख झाला, त्यावरून लिहिते. या धाग्यावर किल्ले, वाडे आणि गुडघे यांची चर्चा झाली. परंतु सहा-सात माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक कोण करणार आहे, हे कुणी विचारलेले नाही. पाहुणे आले की घरची सून सकाळी पोह्यांपासून रात्री दुधापर्यंत ओट्याशी उभी असते आणि छायाचित्रांत ती कुठेच नसते. माचीपेठ यांना माझी सूचना अशी, की एक दुपार गडावर, एक दुपार बाहेर आणि एक रात्र राजवाड्याच्या चौपाटीवर असे जेवणाचे नियोजन आधी करावे आणि मग स्थळे ठरवावीत. घरी जे होईल ते बाजरीची भाकरी, भरीत आणि खर्डा एवढेच असावे; इंदूरच्या माणसांना पोहे-जिलेबीचे कौतुक आपण काय सांगणार?

वेण्णाकाठ:

आत्यांच्या यादीत माहुली आहे, याचा मला विशेष आनंद झाला. शहरापासून पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्या तीरावर क्षेत्र माहुली. आपले रेल्वेस्थानकही शहरापासून दूर त्याच बाजूला असल्यामुळे अनेक सातारकर माहुली फक्त गाडी पकडताना ओलांडतात.

संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले. काळ्या दगडाचे बांधकाम, समोर नंदीचा मंडप, दीपमाळ आणि खाली नदीपर्यंत उतरणारा घाट असे त्याचे रूप आहे. आत्यांना घाट उतरण्याची गरज नाही. मंदिराच्या आवारातून संगम दिसतो. नदीकाठी राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले, त्यांची समाधी इथलीच. मुले जिथे सर्वांत जास्त वेळ थांबतील ती समाधी मात्र एका कुत्र्याची आहे. शिकारीत वाघाच्या हल्ल्यापासून महाराजांना वाचवणाऱ्या त्यांच्या लाडक्या कुत्र्याची ती समाधी असल्याचे सांगतात. या कुत्र्याला महाराजांनी पालखीचा मान दिला, अशीही आख्यायिका आहे. दगडी चौथऱ्यावर बसलेल्या त्या कुत्र्याची मूर्ती पाहिल्यावर लहान-मोठे सगळेच हात लावून पाहतात. ते टाळावे असे मी सांगेन, परंतु कुणी ऐकत नाही.

रामशास्त्री प्रभुणे हे क्षेत्र माहुलीचे, हेही जाता जाता सांगावे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारा न्यायाधीश या काठावरून पुण्याला गेला होता.

थारोळे:

पाहुणे पुण्याहून गाडीने येणार असतील, तर खंबाटकी घाट आणि पाचवड मागे टाकल्यावर साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाकडे वळावे. परतीच्या वाटेवर माणसे घाईत असतात, येताना नसतात. लिंबची बारा मोटांची विहीर ही माझ्या मते या जिल्ह्यातील सर्वांत बुद्धिमान वास्तू आहे. विहिरीवरील शिलालेखानुसार ती वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे १७१९ ते १७२४ मध्ये बांधली. आमराईला पाणी देणे हा तिचा हेतू होता. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद अशी ही अष्टकोनी विहीर वरून पाहिल्यास शिवलिंगासारखी दिसते.

तिथे गेल्यावर लगेच पायऱ्या उतरू नका. आधी वर काठाने फिरा. मोटा जिथे लावल्या जात, तिथले दगड बाहेर आलेले आहेत. ज्यांच्या घरी मोट होती त्यांना सांगावे लागणार नाही. परंतु मुलांसाठी सांगतो, की बैलजोडी धावेवरून, म्हणजे तिच्या उतरत्या वाटेवरून, उतरत गेली की नाडा हा जाड दोर ताणला जाऊन पाण्याने भरलेली कातडी मोट वर येते, सोंदूर हा सोंडेचा बारीक दोर ओढला की तिची सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, उघडते, तिथून पाणी पाटाला लागते. अशा बारा मोटा एकाच वेळी चालत असतील, तर बैलांच्या जोड्या, हाकणारे आणि गाणी यांचा काय गलबला असेल, याची कल्पना तिथे उभे राहून करावी. मग जिना उतरून आत जा. पाण्याच्या वर चक्क एक छोटा महाल आहे, खांबांवर गणपती, हनुमान आणि इतर शिल्पे कोरलेली आहेत आणि बाहेर ऊन असताना आत हवा थंडगार असते. आत्या जिना उतरल्या नाहीत तरी काठावरून त्यांना बहुतेक सगळे दिसेल. कठड्याजवळ मुलांचे हात धरावेत.

गडवाट:

विहिरीपुढे आमचा किल्ला फिका पडला की काय!

थारोळे:

किल्ला राजधानी होता, म्हणून त्याला वेढे पडले. विहिरीला कुणी वेढा घातला नाही, म्हणून ती धड राहिली. भांडण नाही.

पसरणी:

वाईचा एक अर्धा दिवस ठेवता आला तर ठेवावा, कारण ते अंतर थोडे आहे आणि घाट चढावा लागत नाही. १७६२ मध्ये रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, एवढेच करावे. मेणवलीच्या घाटावरची घंटा मुलांना अवश्य दाखवावी. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांपैकी ही एक आहे. मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईत आहे, हे मी दर वेळी सांगतो आणि कुणीही थांबत नाही.

माचीपेठ:

पाहुणे काल परत गेले. अनेकांनी वेळ काढून लिहिले होते, म्हणून काय झाले ते सविस्तर कळवतो.

लिंबची विहीर येतानाच झाली. थारोळे यांनी सांगितल्याप्रमाणे आधी काठाने फिरलो. पुतण्या पायऱ्यांकडे धावला होता, परंतु आत्यांनी त्याला मागे बोलावले. त्यांच्या आजोळी मोट होती, हे आतेभावालाही ठाऊक नव्हते. धाव कशी उतरती असते, बैल मागे येताना नाडा सैल कसा सोडायचा, सोंदूर लवकर ओढला तर पाणी थारोळ्याऐवजी विहिरीतच कसे पडते, हे त्या हातवारे करून सांगत होत्या आणि शेजारी उभे असलेले अनोळखी कुटुंबही ऐकू लागले. एका दगडाची कड झिजून गुळगुळीत झालेली आहे. ती दाखवून त्यांनी तिथे नाडा घासत असणार असे ठामपणे सांगितले. ते खरे आहे की नाही हे थारोळे यांनीच सांगावे.

शहराचा दिवस पूर्णपणे आत्यांच्या हाती दिला. रिक्षावाल्याला त्या जुन्या खुणांनी रस्ता सांगत होत्या आणि तो बिचारा सध्याच्या दुकानांची नावे विचारत होता. यादोगोपाळ पेठेत घराच्या जागी चार मजली इमारत आहे. मला भीती होती, की त्या खिन्न होतील. परंतु त्यांचा सगळा जोर घराचा दरवाजा कुठल्या बाजूला होता हे सिद्ध करण्यावर होता. आतेभावाने फोनवरचा नकाशा काढला, तेव्हा "तुझ्या नकाशात आमची गल्ली तरी आहे का?" असे विचारून त्यांनी समोरच्या किराणा दुकानातल्या आजोबांना मध्यस्थ केले. आजोबांनी निकाल आत्यांच्या विरुद्ध दिला. तो त्यांनी अमान्य केला. हा वाद चहाच्या दोन फेऱ्या चालला आणि निघताना दोघांची दूरची सोयरीक निघाली.

मंगळवार तळ्याच्या काठी त्यांनी मुलींना त्या काळी एकटे पाठवत नसत, त्यामुळे शाळेला जाताना किती मैत्रिणी गोळा कराव्या लागत, हे सांगितले. कन्याशाळा सुट्टीमुळे बंद होती, फाटकातूनच पाहिली. प्रतापसिंह हायस्कूलमध्येही सुट्टीमुळे जाता आले नाही. पुतणीने त्या नोंदीबद्दल वाचले आणि पुढच्या खेपेला शाळेच्या दिवशीच यायचे असे तिने परस्पर ठरवून टाकले.

अजिंक्यताऱ्याला पहाटेच मी, आतेभाऊ आणि मुले गेलो. त्या वेळी आत्या आणि माझी पत्नी समर्थ मंदिरात गेल्या. आतेबहीण यांच्या सूचनेमुळे हे असे ठरवले होते. दोन्ही मंडळी नाश्त्याला एकत्र आली, तेव्हा सांगण्यासारखे आत्यांकडे जास्त होते, कारण मंदिरात त्यांना शाळेतली एक मैत्रीण भेटली. सज्जनगडाला मात्र त्या चढल्या. पहिल्या महाद्वारापाशी त्या इतका वेळ टेकल्या, की आम्ही परत फिरण्याचे बोलू लागलो. मग त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "मनाचे श्लोक म्हणत चढ, मग थकवा येत नाही" असे सांगितले. त्याला पहिल्या श्लोकापलीकडे येत नव्हते. तोच एक श्लोक वरपर्यंत पुरला.

माहुलीला वेण्णाकाठ यांनी वर्तवल्याप्रमाणे सर्वांनी कुत्र्याच्या मूर्तीला हात लावला.

आतेसासू यांना सांगावेसे वाटते, की जेवणाचे नियोजन आधी केले. तरीही शेवटच्या रात्री वहिनी आणि पत्नी यांनी स्वयंपाकघरातून आम्हा पुरुषांना बाहेर काढले, कारण आमच्या भाकऱ्यांचे आकार त्यांना पाहवेनात. वाई राहिली. विश्वकोशाच्या कार्यालयापाशी या वेळीही कुणी थांबले नाही.

आतेसासू:

छायाचित्रांत पत्नी आहेत का?

माचीपेठ:

आहेत. विहिरीच्या काठावरचे तर त्यांनीच सर्वांना रांगेत उभे करून, वाटसरूकडे फोन देऊन काढवून घेतले.

थारोळे:

झिजलेल्या कडेबद्दल: आत्यांचे निरीक्षण पटण्यासारखे आहे. मोटेचा नाडा चाकावरून जातो, परंतु चाक सैल झाले किंवा बैल वाकडे गेले, की तो बाजूच्या दगडाला घासतो. कोणत्या बाजूचा दगड त्यांनी दाखवला, ते कळवलेत तर पुढच्या वेळी गेल्यावर पाहीन.

माचीपेठ:

जिन्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर उजव्या हाताचा. आत्यांना फोन करून खात्री करून घेतली. दरवाज्याच्या बाजूबद्दल किराणा दुकानातल्या आजोबांना निरोप द्यायलाही त्यांनी सांगितले आहे.

पसरणी:

पुतणीला शाळेच्या दिवशी यायचे असेल, तर सप्टेंबरातला कामकाजाचा दिवस निवडावा. तेव्हा कासही फुललेले असते. पठारावर जाण्यासाठी ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. आत्यांसाठी मऊ तळव्यांची पादत्राणे आणि छत्री दोन्ही बरोबर असू द्यावीत. तिथे ऊन आणि पाऊस एकाच तासात येतात.